आबा चारच शीलं म्हणायचे

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, ते मी ओलांडून आता बरीच वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही मी पुण्याहून पोस्टकार्डच टाकायची. पोचले, बरी आहे, आईला सांगा, संपलं. आज लिहायला बसले त्याला कारण एक पान आहे. मी निवृत्त झाले तेव्हापासून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचं चाललं होतं की मॅडमवर एक ग्रंथ काढायचा. त्यांनी लेख जमवले, माझे जुने लेखही निवडले, आणि माझ्याकडून फक्त एक पान मागितलं. माझ्या नावाने जो एक विचार ओळखला जातो तो मला पहिल्यांदा कसा सुचला, तेवढंच लिहायचं होतं. काम सोपं होतं. मला त्याला सात आठवडे लागले.

मी काय काम करते हे तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. एकदा तुम्ही विचारलं होतंत. पोलादपूरच्या स्टँडवर आपण पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. तुमच्या हातात माझी पिशवी होती आणि गाडीला उशीर झाला होता. तुम्ही एकदम म्हणालात, "म्हंजी तू कॉलेजात नक्की काय शिकवतेस गो?" मी म्हटलं, "लढाई कधी करावी, कधी करू नये. आणि करायची वेळ आलीच तर काय केलेलं चालतं, काय चालत नाही." तुम्ही जरा विचार केलात. "आनि ह्ये ऐकतं कोन?" मी म्हटलं, "मुलं ऐकतात." "पोरांचं नाय गो. लढाई लावनारं कोन ऐकतं का?" मी नाही म्हटलं. "तरी पगार देतात," तुम्ही म्हणालात, "बरं हाय मग." आणि तुम्ही इतक्या मनापासून हसलात की शेजारची बाई आपल्याकडे बघायला लागली.

जवळजवळ चाळीस वर्षं मी तेच केलं, आबा. लढाई सुरू करणं योग्य की अयोग्य हा एक प्रश्न, आणि लढताना हातून काय होतं ते योग्य की अयोग्य हा दुसरा, हे दोन वेगळे ठेवायचे, इथून पहिला तास सुरू व्हायचा. मग करार, मग अणुबॉम्ब, मग कोणाकडे किती क्षेपणास्त्रं आणि ती कुणाच्या हुकमाने सुटतात. दर काही वर्षांनी जगात कुठेतरी नवी लढाई लागायची. वर्तमानपत्रातून फोन यायचा, मॅडम, दोन वाक्यं द्या. मी जुन्याच वहीतून दोन वाक्यं द्यायची. ती चालायची, कारण लढाई नवी असली तरी प्रश्न तेच असत. मागच्या बाकावरून कोणीतरी हात वर करायचा आणि मला वाटायचं आता काहीतरी विचारील. "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" शेवटची काही वर्षं तर मी आधीच सांगून टाकायची, आहे म्हणून.

या सगळ्याची सुरुवात आपल्या विहारात झाली. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा तो म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली होती, वर कौलं आणि खाली सारवलेली जमीन. उमरठच्या रस्त्यावरून चढ चढून आलं की पहिलं घर आपलं आणि त्याला लागून विहार. तुम्ही पलटणीतून कायमचे घरी आलात तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. तोवर तुम्ही माझ्यासाठी वर्षातून एकदा येणारा एक उंच माणूस होतात. त्यामुळे तुम्ही घरी आल्यावर मी तुम्हाला सोडतच नसे. दर पौर्णिमेला संध्याकाळी वाडीतली सगळी जमायची. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि मी मात्र बायकांत न बसता तुमच्या छातीला पाठ टेकून. शाळेतले गुरुजी पुढे म्हणायचे, आपण मागून. आधी वंदना, मग पंचशील. जीव घेणार नाही, न दिलेलं घेणार नाही, वाईट चालीने वागणार नाही, खोटं बोलणार नाही, नशापाणी करणार नाही. पाली शब्द मला कळत नव्हते, पण अर्थ गुरुजींनी पाठ करून घेतला होता. तुमचा आवाज मला कानाने ऐकू यायचा नाही, एवढ्या लोकांत तो वेगळा निघायचाच नाही. तो मला पाठीतून कळायचा. आणि दर वेळी पहिल्या शिलाला माझ्या पाठीला काहीच कळायचं नाही. दुसऱ्यापासून तुमची छाती पुन्हा घुमायला लागायची. हे वाडीत दुसऱ्या कुणाला माहीत असणं शक्यच नव्हतं. मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "गप गो. मोठ्या मानसांचं काय बघत बसतेस," एवढंच बोलली आणि हातातली भाकरी तव्यावर टाकली. तिला माहीत होतं की नव्हतं, मला अजून सांगता येणार नाही.

एकाहत्तर साली भाताची झोडणी चालली होती तेव्हा पोस्टमन चढ चढून वर आला. पलटण सुटली तरी तुमचं नाव रिझर्व्हमध्ये होतं, लढाईसाठी बोलावणं आलं होतं. आईने विचारलं, "किती दिस?" तुम्ही म्हणालात, "त्ये सरकारला इचार." दुसऱ्या दिवशी तुम्ही दासगावच्या तुमच्या एका जोडीदाराबरोबर गेलात, आणि होळी झाल्यावर परत आलात. कुठे होतात, काय केलंत, हे तुम्ही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. येताना तुम्ही एक हिरवी लोकरी जर्सी आणलीत, ती आईने पेटीत ठेवली, कारण आपल्याकडे तेवढी थंडी पडतच नाही. पुढच्या पौर्णिमेला मी बायकांत बसले होते, चौदा वर्षांची झाले होते. तिथून मी तुमचे ओठ बघत होते. पहिल्या शिलाला ते मिटलेले होते. तेव्हा मी ठरवून टाकलं की आबांनी माणूस मारला आहे आणि तो त्यांच्या मनातून जात नाही. मी कुणाला काही विचारलं नाही. मला तुमची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला की हे फक्त मला कळलं आहे.

मी महाडला कॉलेजात गेले तेव्हा तुम्ही तिथल्या एका बँकेत गार्ड म्हणून लागला होतात. सकाळी आपण एकाच गाडीने जायचो. दुपारी मी तुमचा डबा घेऊन यायची आणि बँकेच्या पायरीवर बसून आपण खायचो, तुमची दोननळी बंदूक भिंतीला टेकवलेली नसे, मांडीवर आडवी असे. वरच्या वाड्यांवरून दूध घालायला आलेली माणसं बँकेत यायची, ती तुम्हाला छेडायची. "हवालदार, गोळी हाय का नुसतंच लाकूड?" तुम्ही न बघता म्हणायचात, "हाय. म्हनून तर तोंड खाली हाय तिचं. तुझ्यासारकं वर नाय." ती माणसं खूश होऊन आत जायची. वरंधच्या बाजूचा एक म्हातारा तर कामाशिवाय यायचा, फक्त हे ऐकायला. मला हे सगळं आठवतं आणि आश्चर्य वाटतं, की रोज दुपारी एवढा हसणारा माणूस समोर बसलेला असताना मी त्याला दुःखी कसं समजत राहिले. पण समजत राहिले. पुण्याला एम.ए.ला गेल्यावर विषय निवडायची वेळ आली तेव्हा बाकीच्या मुली निवडणुका आणि पंचायती घेत होत्या. मी युद्धाची नीती घेतली. सर म्हणाले, या विषयात बाई नाही, पुस्तकंही नाहीत. मी म्हटलं, चालेल.

पीएच.डी. झाल्यावर मला परदेशी एका परिषदेला बोलावणं आलं. तेव्हा युरोपात सगळीकडे क्षेपणास्त्रांवरून मोर्चे निघत होते आणि असल्या परिषदा फार व्हायच्या. तुम्ही पेटीतून ती जर्सी काढून दिलीत. "तिकडं थंडी आसंल. वरून कोट घाल म्हंजी दिसनार नाय." मी ती घातली होती, आबा. ती घालूनच मी तिथे उभी राहिले आणि तुमच्याविषयी वाचलं. माझ्या ओळखीचा एक निवृत्त सैनिक आहे, असं सुरू होतं ते. तो पाचांतली चार शीलं म्हणतो. पहिल्याच्या वेळी त्याचे ओठ मिटलेले असतात. लढाई संपून वर्षं लोटली, पण त्याने घेतलेला जीव त्याच्या तोंडावर हात ठेवून बसला आहे. हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते पाच-सहा वेळा बदलून तसं केलं होतं. सभागृहात कुणी हललं नाही. नंतर एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. पुढे परदेशी एक वर्ष राहून अभ्यास करण्याची शिष्यवृत्ती मिळाली ती त्या माणसाच्या शिफारशीने, म्हणजे त्या वाक्याने.

परत आल्यावर मुंबईच्या एका मासिकाने तो लेख मराठीत मागितला. मीच भाषांतर करून दिला. तुमचं नाव नव्हतं, गावाचं नाव नव्हतं, मला वाटलं हे पुरे आहे. आपल्या वाडीत छापलेल्या अक्षराचं काय होतं हे मी विसरले होते. आपल्याकडे कुणाच्या मुलाचं दहावीच्या निकालात नाव आलं तरी ते विहारात मोठ्याने वाचलं जायचं. मी बुद्धपौर्णिमेला घरी आले होते. वंदना झाली, आणि गुरुजींनी झोळीतून ते मासिक काढलं. "आपल्या वाडीच्या लेकीचा लेख आलाय. सगळ्यांनी शांत बसून ऐकायचंय." मी उठून त्यांच्या हातातून ते घेऊ शकले असते. मी बसून राहिले. गुरुजी चांगले वाचायचे, दर स्वल्पविरामाला थांबून. पहिलं पान कुणाला फारसं कळलं नाही, तरी सगळी माना डोलवत होती. मग तो निवृत्त सैनिक आला. मग चार शीलं आली. एक मान तुमच्याकडे वळली, मग दुसरी, मग बायकांच्या बाजूने सगळ्याच. गुरुजींना वाक्याच्या मध्येच उमगलं, ते त्यांच्या आवाजावरून कळलं, पण शिक्षक माणूस, त्यांना पूर्णविरामाच्या आधी थांबता आलं नाही. लेख संपला. सवयीने सगळी तीन वेळा "साधु, साधु, साधु" म्हणाली. तुम्ही मांडी घालून, गुडघ्यांवर हात ठेवून, मेणबत्तीकडे बघत बसला होतात.

बाहेर आल्यावर तुमची चुलत बहीण, आमची आत्या, जिची जीभ कधी जाग्यावर राहिली नाही, ती तुमच्या वाटेत उभी राहिली. "काय रे, येवढी वर्सं आमच्यात बसून चारच बोलतोस? किती मारलेस?" तुम्ही म्हणालात, "तू राह्यलीस. तेवढी एक." सगळी हसली, आत्या सगळ्यांत मोठ्याने. तुम्हीही हसलात. पण घरापर्यंतच्या त्या वीस पावलांत तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण राब भाजायला गेलो. पावसाआधी रोपाच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळायचं काम, तुम्ही पेटवायचात आणि मी कडेने विस्तव सरकू नये म्हणून डहाळी घेऊन उभी राहायची, तुम्ही पलटणीतून परत आलात तेव्हापासून. आजही तो धूर माझ्या नाकात आहे. तुम्ही विस्तवाकडे बघत बोलताय.

"बाय, मी मानूस मारलाय ह्ये तुला कोन बोल्लं?"

"कुणी नाही."

"मग?"

"तुम्ही पहिलं शील म्हणत नाही. मी लहानपणापासून बघतेय."

"बघतेस. आनि इचारलंस कवा?"

तुम्ही काठीने जळता पाला मागे ओढलात.

"पासष्टात मी गोळ्या झाडल्या. समोर काय दिसत नव्हतं. कोनाला लागल्या, नाय लागल्या, मला म्हायत नाय. त्येचं मी काय घेऊन बसलो नाय. शील का नाय बोलत ते ऐक. माझं नाव रिझर्व्हात व्हतं. कागद आला की जायचं, आनि साब बोल्ला मार, की मारायचं. ती शपथ मी आदी घेतलेली. मग हितं हात जोडून मी कसा बोलू, जीव घेनार नाय म्हनून? उद्या घ्यायला लावला तर? चौथं शील काय हाय?"

"खोटं बोलणार नाही."

"मंग."

"पण रिझर्व्ह तर कधीच संपलं, आबा."

"आनि बँकेची बंदूक? ती काय पूजेला हाय? दरोडा पडला तर मी काय त्याला वंदना बोलून दाखवू? ती बंदूक खाली ठेवीन त्या दिवशी बोलीन पयलं शील. आजून वर्सभर हाय नोकरी." मग तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंत. डोळे धुराने लाल झाले होते. "तू मला रडका करून ठेवलंस गो. लोकं कालपासून माझ्याशी हळू बोलतात. बांधावरून भांडनारा तो, तो पन आज बोल्ला, जाऊ दे, तुमच्या मनाला आधीच लय हाय. मी काय आजारी हाय? जे पाळता येईल का नाय म्हायत नाय, ते बोलायचं नाय, येवढंच माझं हाय. त्यात रडायचं काय?"

मी म्हटलं, मी मासिकाला पत्र लिहिते, दुरुस्ती छापायला सांगते. तुम्ही हात हलवलात. "छापून काय नको. मुंबईच्या लोकांशी मला काय करायचंय? पुढल्या पुनवेला ये, विहारात उभी रहा आनि सांग, मी आबाला इचारलं नव्हतं. येवढंच बोल. बाकी मी बघतो. आनि माझ्याबद्दल परत काय लिवू नको." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

पुढच्या पौर्णिमेला माझ्याकडे पेपर तपासायला आले होते. त्याच्या पुढची भर पावसात, घाटात दरड कोसळून गाड्या बंद होत्या, आणि मला हायसं वाटलं होतं. मग शिष्यवृत्तीची तयारी, मग मी परदेशी गेले. जाण्याआधी चार दिवस घरी आले तेव्हा मध्ये पौर्णिमा नव्हती. तुम्ही एकदाही आठवण करून दिली नाहीत. वाडीत दर महिन्याला एक पौर्णिमा येत होती आणि तुम्ही तिथे त्याच लोकांमध्ये जाऊन बसत होतात.

मी तिकडे असताना आईचं पत्र आलं, गुरुजींच्या अक्षरात आणि गुरुजींच्या भाषेत. तुझे वडील बँकेतून सन्मानपूर्वक निवृत्त झाले. परवाच्या पौर्णिमेस त्यांनी पाचही शीलं मोठ्या आवाजात म्हटली. सर्वांना गहिवरून आलं. लेकीने लिहिल्यामुळे त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं असं सर्वांचं मत आहे. खाली एक ओळ वेगळी होती, ती आईनेच सांगितलेली असणार. तुझा बाप इचारतो, कधी येणार.

तुम्ही भाद्रपदात तापाने गेलात. चार दिवसांचा ताप. मला पोचायला आठ दिवस लागले, पुण्यानुमोदनाच्या विधीला तेवढी पोचले. विहारात जागा नव्हती, माणसं बाहेर छत्र्या घेऊन उभी होती. बँकेतली माणसं आली होती, वरच्या वाड्यांवरचे दूधवाले आले होते. गुरुजी बोलायला उभे राहिले. त्यांनी तुमच्याविषयी फार आदराने सांगितलं. युद्धात हातून घडलेल्या हिंसेचा भार या माणसाने वर्षानुवर्षं मुकाट्याने वाहिला, आणि शेवटी आपल्या मुलीच्या लेखणीने त्यांना मुक्त केलं, असं ते म्हणाले. लोक रडले. आत्याही रडली. आईने माझ्या कोपराला ढोसलं. "ऊठ गो बाय. बोल." मी उठले. पाय उभे होते, तोंड उघडलं होतं, सगळी वाडी माझ्याकडे बघत होती, आणि सांगायचं होतं ते चार शब्दांचं होतं. मी म्हटलं, "आबांनी मला शिकवलं. तुम्ही सगळे आलात, आभारी आहे." आणि बसले. आई माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "झालं?" त्या दिवसानंतर तिने तो विषय काढला नाही, मीही नाही.

लोक तुम्हाला तसंच आठवत राहिले. आता वाडीत तुम्हाला पाहिलेली फार माणसं उरली नाहीत. जी आहेत त्यांची मुलं मला भेटली की सांगतात, तुमचे वडील म्हणजे ते ना, ज्यांना फार दुःख होतं. मी हो म्हणते. एवढ्या वर्षांनी बांधावर उभं राहून कुणाला समजावून सांगायचं, असं वाटतं. हल्ली मला पुष्कळ गोष्टींचं तसं वाटतं.

आता त्या विचाराचं. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी एक लेख लिहिला. जो दुसऱ्याच्या हुकमावर शस्त्र धरतो, त्याला "मी ते वापरणार नाही" असं वचन देताच येत नाही. दिलं तर ते खोटं असतं. म्हणून त्याच्यापुरती प्रामाणिक गोष्ट एकच, ते वचन न देणं. मग मी ते देशांना लावलं. परक्याची क्षेपणास्त्रं आपल्या जमिनीवर ठेवून घेणारे आणि वर शांततेची वचनं देणारे देश. मांडणी माझी होती, त्यावर मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ तळटिपा दिल्या. पण मुद्दा राबाच्या कडेला उभं राहून ऐकलेला होता. तो लेख गाजला. दोन-तीन भाषांत गेला, अभ्यासक्रमात लागला, मुलं त्याच्यावर टीप लिहायला लागली. त्याला माझं नाव चिकटलं. कुठल्याही तळटिपेत तुम्ही नाही. तुम्ही सांगितलं होतं ना, माझ्याबद्दल परत लिहू नको, म्हणून. मी स्वतःला इतकी वर्षं हेच सांगत आले की मी वडिलांचा शब्द पाळला. तुमचा दुसराही एक शब्द होता, तो मी पाळला नव्हता. जो पाळला तो माझ्या सोयीचा होता. तुम्ही माझ्या कल्पनेतले होतात तेव्हा मी तुम्हाला छापलं, आणि खरंच जे बोललात ते माझ्या नावावर गेलं.

त्या एका पानाचे मी तीन मसुदे केले. पहिल्यात राब होता, तुम्ही होतात, तुमची भाषा होती. तो चांगला झाला होता. पण तो छापायचा तर त्याच ग्रंथात पहिला म्हणून घेतलेला तो जुना लेख, तोंडावर हात ठेवून बसलेल्या जिवाचा, चुकीचा होता हेही सांगावं लागलं असतं. मुलांनी तो किती प्रेमाने निवडलाय. दुसरा मसुदा मी अर्धवट सोडला. हे पत्र मी का लिहिलं ते मला नीट सांगता येत नाही, आणि ते कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. दोन दिवस टेबलावर राहील, मग कागदांच्या ढिगात जाईल.

पान मी काल पाठवलं, तिसरं. त्यात लिहिलंय की हा विचार मला परदेशी एका ग्रंथालयात सुचला, खिडकीशी बसले होते, बाहेर बर्फ पडत होता. संध्याकाळी संपादक मुलीचा फोन आला. "मॅडम, बर्फाचं वर्णन किती सुंदर झालंय, डोळ्यांसमोर उभं राहतं," म्हणाली. मी थँक्यू म्हटलं.